शेगडीने न पाहिलेला चेंडू

मित्रांनो, इवाबुची गेला आणि ओबानाईसुद्धा गेला. शेवट आधीच सांगून टाकला, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. आता असं धरून चला की दोघंही कुठेच गेलेले नाहीत. इवाबुची आमच्याच संघात आहे, आणि ओबानाई दारात बूट आपटून बर्फ झाडतो आहे.

मी एक जुनी रॉकेलची शेगडी आहे. पोट गोल, डोक्यावर किटली, पाठीवर गंजाचा मोठा डाग. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे एका बाईने माझी वात बसवली, बोटाने पोटावर टकटक केलं आणि म्हणाली, "ही टिकेल." माझं एवढंच काय ते कौतुक झालं. त्याच्यावर मी आजवरचे दिवस काढले.

हामासावा स्टेशनात आले तेव्हा इथे मास्तर होते. ते मला रोज फडक्याने पुसायचे. पुढे रेल्वेने मास्तर काढून नेले, तिकीटखिडकीवर फळी ठोकली आणि मला विसरली. तेव्हापासून इथला रिवाज असा, की सकाळी जो पहिला येईल त्याने मला पेटवायचं आणि जो शेवटी गाडीत चढेल त्याने विझवायचं. पहिला नेहमी ओबानाई. तो मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात हिशेबनीस आहे, पन्नाशीचा, आणि थंडीत त्याचा चष्मा माझ्यासमोर आला की पांढरा होतो. मग तो आंधळ्यासारखा हसतो.

दुसऱ्या येतात तोमाबेचीताई, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या. त्यांच्या मागून काकिझाकी, टपाल खात्यातला. तो दिवसाला एकच वाक्य बोलतो आणि ते फार विचार करून निवडतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मला नोव्हेंबरात बाहेर काढतात आणि मार्च सरला की गोणपाट घालून कोठीत टाकतात. बाहेर कमरेएवढा बर्फ असला तरी टाकतात, कारण रेल्वेच्या मते थंडी मार्चअखेर संपते. आणि बेसबॉल खेळतात उन्हाळ्यात. त्यामुळे त्या खेळाबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं हिवाळ्यातलं. माझ्या समजुतीप्रमाणे बेसबॉल असा खेळतात : काही माणसं शेगडीभोवती बसतात. हात शेकतात. एक म्हणतो, "त्याला सोडायला नको होतं." दुसरी म्हणते, "त्याचा खांदा गेलाय, मेल्याचा." गाडी आली की खेळ संपतो. जिंकलं कोण, ते कुणी सांगत नाही. खेळ सभ्य आहे, पण त्यात चेंडूचं काय काम, हे कोडं मला वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं.

आमचा संघ बगळे. गेल्या डिसेंबरात बगळ्यांनी राजधानीच्या श्रीमंत संघाचा एक नामांकित गोलंदाज फोडून आणला. प्रतीक्षागृहात आनंदीआनंद. फक्त ओबानाईने नकारार्थी मान हलवली.

"आता भरपाई द्यावी लागणार," तो म्हणाला. "आपण त्यांचा माणूस आणला, म्हणून ते आपला एक उचलणार. संघाला काही जणांची नावं देऊन त्यांना झाकून ठेवता येतं, त्यांना हात लावता येत नाही. बाकीचे उघड्यावर. आणि इवाबुचीला कोण झाकणार?"

इवाबुची म्हणजे बगळ्यांचा राखीव कॅचर, झेलणारा. वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे, वर्षभर बाकावर बसून इतरांना टाळ्या देणारा. ओबानाईचा जीव त्याच्यावर.

"त्या म्हाताऱ्याला कोण नेतंय?" तोमाबेचीताई म्हणाल्या. "फुकट दिला तरी टपालखर्च त्यांचा."

"ताई, हसू नका. आमचा कारखानासुद्धा फेब्रुवारीत एकाला दक्षिणेच्या शाखेत धाडणार आहे. साहेबाने मला विचारलंय. मी ठरवलंय, इवाबुची राहिला तर मीही राहणार. साहेबाला सरळ नाही म्हणणार."

"आणि बायकोला विचारलंस?"

"तिला ऊन आवडतं. म्हणूनच नाही विचारलं."

मित्रांनो, माझी वात त्या क्षणी थोडी थरथरली. ओबानाई गेला तर मला पेटवणार कोण?

बहुधा सगळ्यांनाच ते जाणवलं असावं, कारण ओबानाई लगेच म्हणाला, "समजा आपल्यावर अशी पाळी आली, तर आपण कुणाकुणाला झाकू?" आणि तो बोटं दुमडत मोजू लागला. शेगडी. किटली. तोमाबेचीताई. काकिझाकी. बाकावरची उशी.

"उशी कशाला?" काकिझाकीने त्याचं त्या दिवसाचं वाक्य खर्च केलं.

"ती तुझ्यापेक्षा जास्त बोलते," ताई म्हणाल्या.

मला पहिलं स्थान मिळालं होतं. मी इतकी फुगले की किटलीचं झाकण उडालं. त्या भरात एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नाही.

जानेवारीत एका सकाळी ओबानाई आला आणि मला न पेटवताच समोर बसला. चष्मा स्वच्छ. मी त्याचे डोळे पहिल्यांदाच नीट पाहिले. ताई आल्या आणि दारातच थबकल्या.

"अरे, शेगडी गार कशी?"

"नेला."

"कुणाला?"

"इवाबुचीला. काल रात्री जाहीर झालं."

ताईंनी हातमोजे काढले, मला पेटवलं, आणि ज्योत निळी होईपर्यंत वात खालीवर केली.

"मग तू?"

"साहेबाला हो म्हणून टाकलं."

"गाढवा," ताई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांना झाकलंस. उशी झाकलीस. स्वतःचं नाव घ्यायला काय झालं होतं?"

ओबानाईने बोटं पुन्हा मोजली. मग चष्म्यावर आपणहून फुंकर घालून तो पांढरा करून घेतला.

ताई हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी तिथूनच त्याच्या कारखान्याला फोन लावला. "हॅलो, हामासावा प्रतीक्षागृहातून बोलतेय. तुम्ही आमचा माणूस नेलात, तेव्हा नियमाने तुमचा एक आम्हाला द्या. नाही हो, डबे नकोत. माणूस. लवकर उठणारा. रॉकेल ओतता येणारा. वय कितीही चालेल, गुडघे बघून घ्या."

पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. फोन ठेवून ताई म्हणाल्या, "विचार करतो म्हणाले. बरंच हसत होते."

ओबानाईच्या शेवटच्या सकाळी रुळांवर बर्फ साचून गाडी अडली. आणि वेळ होता म्हणून त्याने इवाबुचीच्या एकुलत्या एका मोठ्या सामन्याची गोष्ट काढली. जुलैमधली. तो स्वतः मैदानात होता, हातात उकडलेल्या शेंगा.

"शेवटचा डाव. मुख्य कॅचर जखमी. इवाबुची बाकावरून उठतो, गुडघे आवाज करतात, तिसऱ्या रांगेत मला ऐकू येतात. पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला बॅट फिरवली, ठक्क! आणि इवाबुची धावत सुटला..."

धावत? मित्रांनो, मी हादरले. या खेळात माणसं धावतात? इतक्या वर्षांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं! माझी वात आपोआप वर आली. किटली थुईथुई नाचू लागली.

"चेंडू वर, वर, दिव्यांच्याही वर. त्यांचा गडी मागे मागे पळतोय, पाठ कुंपणाला लागली, हात उंचावला..."

आणि गाडीची शिट्टी झाली.

तिघंही उठले. त्या दिवशी काकिझाकीने दोन वाक्यं बोलून सगळ्यांना चकित केलं. "मग? झेलला?" ओबानाई म्हणाला, "चला, गाडीत सांगतो." निघताना त्याने मला विझवलं आणि गरम पोटावर हातमोजा काढून क्षणभर हात ठेवला. पुढचं त्याने डब्यात सांगितलं असणार. डब्यात शेगडीला नेत नाहीत.

फेब्रुवारीत एक नवा माणूस आला. मुतागुची, कारखान्याच्या दक्षिणेच्या शाखेतून बदलून आलेला. त्याच्या मते ही साधी बदली. ताईंच्या मते ही भरपाई, आणि त्यांनी आधी त्याचे गुडघे पाहिले. पहिल्या दिवशी त्याने वात इतकी वर चढवली की छत काळं झालं. ताई ओरडल्या, "अहो, खाली घ्या! ही शेगडी आहे, तुमच्याकडचा तो धूर ओकणारा डोंगर नाही!" आता त्याला जमतं. तो सुमोचा शौकीन आहे आणि काल काय झालं ते आज सांगतो. खेळ चालू असताना त्याच्याबद्दल बोलणं मला जरा उथळ वाटतं, पण माणूस सकाळी वेळेवर येतो.

बेसबॉलचा विषय काढलाच, तर ताई म्हणतात, "ओबानाईचा फोन आला होता, तिकडे आंबे पिकतील एवढं ऊन आहे म्हणे." चेंडूचं कुणी बोलत नाही. त्यांना शेवट माहीत आहे ना.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिची वात वेळेवर कापा, मार्चनंतरही कधीतरी तिच्याकडे बघा, आणि तिच्यासमोर कुठलीही गोष्ट अर्धी सोडून उठू नका. माझ्यापुरता मी रीतसर अर्ज केला आहे. तो असा :

प्रति, माननीय स्टेशन मास्तर, हामासावा (पद रिक्त).

विषय : जुलै महिन्यात एक दिवस पेटवून मिळण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार शेगडीस बगळे संघाच्या कोणत्याही एका सामन्याच्या दिवशी कोठीतून काढून, रॉकेल भरून, शेजारी रेडिओ ठेवून पेटवण्यात यावे. उकाड्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. तसेच श्री. इवाबुची यांनी टोलवलेला चेंडू अर्जदाराच्या माहितीप्रमाणे अद्याप हवेत असून, तो खाली आल्यास त्याबाबत लेखी कळवावे, ही विनंती.