छातीतल्या ज्योतीची वात

एक्स-रे केंद्राच्या दारात एवढी गर्दी उसळली की खरे पेशंट बिचारे जिन्यावर जाऊन बसले. ज्योतमहाराज येत होते! त्यांच्या छातीत साक्षात ज्योत होती. पुरावा म्हणून त्यांचा एक्स-रे माणसाएवढा छापून भक्तांनी खांद्यावर घेतला होता: काळ्या छातीत पांढरी ज्योत, तिच्या खाली बारीक वात. त्या छातीला हात लावला की म्हणे हृदयरोग पळतो.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. महाराजांना घेऊन येणारा बाईंचाच सख्खा थोरला भाऊ होता. त्याच्या हृदयाची झडप गळत होती आणि ठरलेलं ऑपरेशन त्यानं कालच परस्पर रद्द केलं होतं.

"तूच फोटो काढ," दादा धापा टाकत म्हणाला. "ज्योत दिसली नाही तर ऑपरेशन करतो. दिसली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल. महाराज, कफनी काढा. अंगावर धातूचं काही आहे?"

"मुली, आमच्या अंगावर फक्त वैराग्य आहे, ते काढता येत नाही. आणि अल्फा, बीटा, गामा हे आमच्या परमगुरूंचेच तीन शिष्य. किरण आम्हाला ओळखतात."

बाईंनी वाद घातला नाही, कफनीसकटच फोटो काढला. पडद्यावर ज्योत उमटली, वातीसकट. जयजयकार झाला. दादाचे डोळे भरून आले.

"बघितलंस?"

"बघितलं. आता एक फोटो बाजूनं काढते. ज्योत किती खोल आहे तेही भक्तांना कळू दे."

महाराज जरा घुटमळले. पण भक्तच ओरडले, "हो, हो, बाजूनंही!" मग काय करणार? हात वर करून उभे राहिले.

नव्या फोटोत मणके, हृदय, बरगड्या, सगळं जागच्या जागी होतं. ज्योत मात्र छातीत नव्हतीच. ती कातडीबाहेर, बोटभर अंतरावर हवेत लटकत होती. आणि समोरून वात दिसणारी ती रेघ म्हणजे बाजूनं पाहिलं तर चक्क सेफ्टी पिन!

"ज्योत... अधूनमधून बाहेर फिरायला जाते," महाराज म्हणाले.

"पिन लावून?" दादानं विचारलं.

"दादा, एक्स-रे म्हणजे सावली," बाई म्हणाल्या. "किरण मांसातून बरेचसे पार होतात, हाडात अडतात, धातूत तर पुरतेच. अडले की तिथं पांढरं. पण वस्तू आत आहे की बाहेर, हे एकट्या सावलीवरून कळत नाही. यांच्या कफनीच्या अस्तरात पत्र्याची ज्योत टाचलीय, बस."

दादाला लाजही वाटली आणि रागही आला.

"माझी तारीख परत मिळेल?"

बाईंनी लगेच हॉस्पिटलला फोन लावला. महाराज तोवर मागच्या दारानं पसार झाले होते.

तेव्हा मंडळी, चमत्कार बघायला खुशाल जा, फक्त तो बाजूनंही दाखवायला सांगा. आज दादा न थांबता जिना चढतो. त्याच्याही छातीत आता धातू आहे, नव्या झडपेची कडी. समोरून काढा नाहीतर बाजूनं, ती आतच दिसते.