म्हशीनं मानलेला सोनबा

चंदननं, माझ्या लेकानं, सगळ्या घराला उमरठहून मनालीला न्यायचं ठरवलं, बर्फावर स्की करायला. त्याला रमतगमत रेल्वेनं जायचं होतं. मी भडकले. "विमानानंच जायचं आणि लवकर परतायचं! माझी म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाय. मागं धार कोण काढणार?"

शेजारच्या सोनबानं ते कुडापलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले, तर दोरीवरचं माझं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन सोनबा धार काढत बसलेला! म्हैस निवांत रवंथ करत होती.

"रेल्वेनंच जा वयनी, सावकाश या. हिनं मला मानलंय," तो म्हणाला.

माझे डोळे भरून आले.

"पदर जरा पुढं घ्या भावजी," मी खेकसले, "मिशी दिसतेय तिला!"