माहेरी गेलेला कुकर

केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला तेव्हा सुजितला फक्त खरचटलं. शेजारी काम करणारा कमलेश मात्र गेला. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली की सुजित खाटेखाली शिरायचा. तिथे आधीच तांदळाचा डबा होता, त्यामुळे त्याचे पाय बाहेर राहायचे. शेवटी त्याच्या बायकोने, उमाने, कुकरच बदलापूरला आपल्या माहेरी पाठवून दिला.

त्यांच्या बुवापाड्यात माणूस वाचला की लोक बिस्किटांचा पुडा घेऊन बघायला येतात आणि बदल्यात सगळी हकिकत ऐकून जातात. सुजितकडे इतके पुडे जमले की टपरी टाकता आली असती. हिंदुरावकाकांनी तर स्फोटाचा व्हिडिओच आणला. "हा पळतोय तो तूच ना रे?" सुजितने जेवण सोडलं.

शेजारची मोतीबाई आली ती पुड्याशिवाय. मोड आलेल्या वालांची परात तिने त्याच्यापुढे ठेवली. "सोल."

"काकी, झालं असं की..."

"मी इचारलं का? सोल."

भिजलेला वाल चिमटीत दाबला की सालातून सुळकन निसटतो. पाच-सहा वाल सोलल्यावर सुजित खाली बघतच म्हणाला, "कमलेशने हाक मारलेली. मी थांबलो नाय."

मोतीबाईने परात आपल्याकडे ओढली. "रड. फक्त परातीत नको, बिरडं खारट होईल."

तो रडला. त्या दिवशी तो दोन घास जेवला आणि झोपलाही.

मग ती रोजच येऊ लागली. सकाळी त्याला नाक्यापर्यंत चालवून आणायची. त्याचा मोबाइल तिने तांदळाच्या डब्यात घातला. बघायला येणाऱ्याच्या हातावर ती मूठभर वाल ठेवायची. हिंदुरावकाकांनी अख्खी दुपार वाल सोलले आणि हकिकत न ऐकताच ते घरी गेले. पुडे बंद झाले.

एके सकाळी सुजितच म्हणाला, "उमा, कुकर आण."

कुकर आला. गॅसवर चढला. सुजित मोतीबाईबरोबर वाल सोलत बसला. "आता शिट्टी होईल हां," उमा म्हणाली.

शिट्टी झाली. सुजित ताडकन उडाला, वाल घरभर उधळले, एक मोतीबाईच्या अंबाड्यात अडकला. त्याने खाटेकडे पाहिलं. परातीची कड घट्ट धरली. श्वास सोडला. मग रांगत रांगत तो वाल वेचू लागला. दुसऱ्या शिट्टीलाही तो वेचतच होता.

भात पार गिचका झाला. शिट्ट्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दोघी त्याच्याकडेच बघत होत्या.

सुजितने ताट पुढे केलं. "अजून वाढ."