किल्ली देणारा हात

आमच्याकडून पहिला ट्रॅक्टर गेला तो १९८८ साली. चेन्नईजवळच्या आवडी गावाच्या पुढे, तिरुवळ्ळूरच्या रस्त्यावर, माझ्या यजमानांनी मरुदम कंपनीची डीलरशिप घेतली होती. त्या दिवशी ते तापाने झोपून होते, म्हणून गिऱ्हाइकाला किल्ली मी दिली. तो ट्रॅक्टर एकोणीस वर्षं चालला. तेव्हापासून लोक म्हणू लागले, अम्मांची कैराशी चांगली. आपल्यात त्यालाच हातगुण म्हणतात. मी अण्णा नगरहून बसने पोचेपर्यंत माणसं मुहूर्त थांबवून ठेवायची.

पुढच्या चाकांखाली लिंबं, बॉनेटला चंदन-कुंकू, मग कापूर, आणि विड्याच्या पानावर किल्ली. त्यात एक नियम माझा होता. कापूर पेटला की ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणी अशुभ बोलायचं नाही. आमचा मेकॅनिक संताजी एकदा त्या वेळी म्हणाला, "ब्रेक जरा जपून दाबा." मी आठवडाभर त्याला कॉफी दिली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिरुत्तणीकडची सीतालक्ष्मी नवा ट्रॅक्टर न्यायला आली. भाड्याने नांगरणी करणारी बाई. स्वतः स्टिअरिंगवर बसायची. जुना ट्रॅक्टर बदल्यात देऊन तिने आमचं नवं मॉडेल पसंत केलं होतं. मी कापूर लावला, पान हातात घेतलं, तेवढ्यात माझा मुलगा श्रीहरी ऑफिसातून फोन हातात घेऊनच बाहेर आला.

"अम्मा, थांब. किल्ली देऊ नकोस."

"काय झालं?"

"फॅक्टरीतून विश्वेशचा फोन होता. गेटला टाळं लागलंय. बँकेची माणसं आत बसलीत. कंपनी आता उठत नाही."

"कापूर पेटलाय, श्रीहरी."

"म्हणून तिला सांगायचं नाही? उद्या पार्ट कुठून देणार आपण?"

"उद्या सांग. आत्ता तोंडातून अक्षर काढू नकोस."

आम्ही घरातली मराठी बोलत होतो. सीतालक्ष्मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून हसत होती. तिला वाटलं असेल, आईलेक पूजेचंच काहीतरी बोलतायत. मी पान पुढे केलं. तिने किल्ली डोळ्यांना लावली.

दुसऱ्या दिवशी श्रीहरीने विचारलं, "फोन करू का तिला?" मी म्हटलं, "कंपनीचं काय ते नक्की कळू दे." नक्की कळलं ते पेपरातून, अकराव्या दिवशी, तिला आणि आम्हाला एकदमच.

मग एकेक गोष्ट गेली. बोर्ड उतरवला. मेकॅनिक पाच होते, संताजी एकटा राहिला. शोरूमच्या अर्ध्या भागात टाइल्सचं दुकान आलं. तरी ट्रॅक्टरवाले येतच राहिले, तुटलेला पार्ट कापडी पिशवीत घेऊन. संताजी त्यांच्यासाठी पुदुपेटच्या जुन्या बाजारात हिंडायचा आणि जुन्या मॉडेलचं काही ना काही शोधून आणायचा. नव्या मॉडेलचं मात्र काही मिळेना. ते विकलंच गेलं होतं किती!

सीतालक्ष्मीच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप आठव्या महिन्यात गेला. नांगर वर उचलला जाईना. संताजीने दोनदा जाऊन दुसऱ्या कंपनीचा पंप बसवून पाहिला, तो टिकला नाही. "देवळातला हत्ती झालाय," तो परत येऊन म्हणाला. "उभा छान दिसतो, लोक नमस्कार करतात. नांगराला जुंपता येत नाही."

गेल्या महिन्यात सीतालक्ष्मी शोरूममध्ये आली. मला वाटलं भांडायला आली. तिच्या हातात ताट होतं, त्यात पान-सुपारी, केळी आणि मोगऱ्याचा गजरा.

"अम्मा, दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर घेतेय, तिरुवळ्ळूरच्या डीलरकडून. शुक्रवारी डिलिव्हरी. किल्ली तुम्ही द्यायला यायचं."

"मी? माझ्या हातून घेतलेल्याचं काय झालं ते बघतेस ना?"

"कंपनी बुडाली त्याला तुमचा हात काय करणार? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

संताजी पाना पुसत होता, त्याचा हात थांबला. श्रीहरीने माझ्याकडे पाहिलं नाही. होकार देऊन गजरा घेता आला असता. चौतीस वर्षांचा माझा मान तिने ताटात घालून परत आणला होता.

"माहीत होतं," मी म्हटलं. "कापूर जळत होता तेव्हाच श्रीहरीने सांगितलं. तुझ्यासमोरच. तुला कळू नये म्हणून मराठीत. मी त्याला गप्प केलं."

तिने ताटातला गजरा सरळ केला. मग म्हणाली, "मी हसत होते तेव्हा."

"हो."

"म्हणजे हात वाईट नव्हता, अम्मा. तोंड बंद होतं."

तिने ताट उचललं. या म्हणाली नाही, येऊ नका म्हणाली नाही. फाटकापर्यंत गेली, परत आली, दोन केळी टेबलावर ठेवली आणि गेली.

शुक्रवारी मी नऊ वाजताच रेशमी साडी नेसून बसले. श्रीहरीने विचारलं, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "कुठे नाही." बारा वाजले, एक वाजला. साडी बदलून जेवले.

चार वाजता तिचा फोन आला.

"किल्ली घेतली, अम्मा. टेबलावरून माझी मीच उचलली."

"बरं केलंस."

"त्याच्याआधी विचारलं, कंपनी बंद पडली तर पार्ट कोण देणार, किती वर्षं देणार, लिहून द्या. डीलरची बायको भडकली. आरतीच्या वेळी असलं बोलतात का, म्हणाली."

ते बोलणं माझंच होतं, फक्त तोंड दुसऱ्या बाईचं. जे तोंडात आलं तेच विचारलं.

"कापूर मध्येच विझला का गं?"

"नाही अम्मा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत जळला."