नाझरसाठी आणलेला सोफा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बळीराम निवृत्त झाला आणि मुलाच्या, अभिनवच्या, सांगण्यावरून त्यानं पावर हाउस भागातल्या बाजारात जिम उघडली. दिवसभर लोखंडाशी झटून आलेला माणूस संध्याकाळी पैसे देऊन पुन्हा लोखंडच उचलायला येईल, असा बापलेकांचा अंदाज होता. भिलाईनं तो खोटा ठरवला. मशिनी गेल्या, ग्रॅच्युइटी गेली, रुआबांधा वस्तीतलं घर विकलं आणि त्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अभिनव रायपूरला फोनवरून विमा विकायला लागला. जिमसाठी काढलेलं बँकेचं कर्ज मात्र कुठं गेलं नाही. ते बळीरामच्या नावावर होतं, आणि त्याच्या नावावर तेवढंच उरलं होतं.

वसुलीवाले रोज येत. दारात मोटारसायकल उभी करत आणि गल्लीला नीट ऐकू जाईल अशा बेतानं विचारत, "अंकल, कब दोगे?" अंकल म्हणत, एवढा सभ्यपणा होता. बळीरामला पैशांची काळजी होतीच, पण त्याहून या प्रश्नाचा थकवा आला होता. मोटारसायकलचा आवाज आला की तो जेवणावरून उठायचा.

दुर्गच्या कोर्टात वकिली करणारी मृणाल ही जवळच्या चरोद्याच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी. तिनं सांगितलं, "काका, दिवाळखोरीचा अर्ज टाकू. कोर्टानं एकदा दिवाळखोर ठरवलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी वसुलीला येऊ शकत नाही."

कायदा इंग्रजांच्या काळातला. पाचशे रुपयांचं कर्ज असलं आणि फेडायची ऐपत नसली, की माणूस पात्र. सरकारी कामात पात्रतेच्या अटीत आपण इतक्या सहज बसतो, हे बळीरामनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. घरात किमती सामान काही नाही, असं त्यानं शपथेवर लिहून दिलं. ते खरं आहे का, हे पाहून यादी करायला कोर्टानं आपला जप्ती-पंचनाम्याचा अधिकारी, नाझर, पाठवायचं ठरवलं.

बळीरामनं घरी बायकोला, भागाबाईला, एवढंच सांगितलं, "बुधवारी कोर्टाचे साहेब येऊन राहिले. घर पाहाले."

"कावून?"

"कागदावर लिहिलं ते खरं हाय का नाई, ते पाहतात."

"किती जण?"

"असतीन दोघं-तिघं."

भागाबाईनं पुढं काही विचारलं नाही. घर पाहायला पाव्हणे येतात तेव्हा काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

या गल्लीत मुलगी पाहायला पाव्हणे आले तर ते एका घरी येत नाहीत, गल्लीकडे येतात. शामरावचा सोफा जातो, मैनाबाईचा फ्रिज जातो, पंजाबरावचा मोठा टीव्ही जातो. पाव्हणे गेले की सगळं परत. एका घरात सगळं नसतं, पण गल्लीत सगळं असतं. शामरावच्या सोफ्यावर बसून गल्लीतल्या बहुतेक मुली पसंत झाल्या होत्या. शामरावपेक्षा तो इतरांच्याच घरी जास्त राहिला होता.

बुधवारी सकाळी बळीराम सही करायला दुर्गला गेला, आणि नाझर व बँकेचा माणूस यांना ऑटोत घालून दुपारी घरी आला. दार उघडलं तर समोर सोफा. सोफ्यावर विणलेलं कव्हर. कोपऱ्यात फ्रिज सुरू होता. भिंतीवर टीव्ही. भागाबाई धुतलेल्या लुगड्यात उभी होती आणि सोनेरी काठाच्या कपांत चहा तयार होता.

बँकेच्या माणसानं न सांगताच मोबाइलनं फोटो काढायला सुरुवात केली.

"ये सब आपका है?" नाझरनं विचारलं.

बळीरामनं तोंड उघडलं. मग त्यानं भागाबाईकडे पाहिलं. जिम बुडाल्यापासून ती इतकी ताठ उभी राहिलेली त्यानं पाहिली नव्हती. त्यानं तोंड मिटलं.

"हो जी, आपलंच हाय सगळं," भागाबाई म्हणाली. "बसा नं. चहा घ्या."

दारात शामराव, पंजाबराव आणि मैनाबाई उभे होते. आपापली वस्तू यादीत लिहिली जात होती, तरी कुणी काही बोललं नाही. नाझरनं चहा संपवला, चांगला झाला म्हणून सांगितलं, आणि सामान आहे तिथंच राहील, कोणी हलवायचं नाही, असं लिहून सह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मृणालनं यादी दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, लोक कोर्टापासून सामान लपवतात. तुम्ही दाखवायला मागून आणलं?"

"मी नाई आणलं. हिनं आणलं."

"बँक आता म्हणेल, शपथेवर खोटं लिहिलं. अर्ज गेलाच समजा. वसुलीवाले परत."

"परत कायचे," बळीराम म्हणाला, "गेले कुठं होते?"

उपाय एकच होता. शेजाऱ्यांनी कोर्टात येऊन सांगायचं, की सामान आमचं आहे. बळीराम आधी शामरावकडे गेला.

"सोफा माहा, हे सांगतो नं," शामराव म्हणाला. "पण त्याचा अर्थ तुमच्या घरी सोफा नाई असा निघते. चारचौघात असं कसं सांगू जी? बरं नाई दिसत."

पंजाबरावची अडचण वेगळी होती. टीव्ही हलवायचा नव्हता आणि मॅच चुकवायची नव्हती. म्हणून तो रोज संध्याकाळी बळीरामकडे येऊन, शामरावच्या सोफ्यावर बसून, आपला टीव्ही पाहू लागला. मैनाबाई दूध ठेवायला आणि भिजवलेली कणीक न्यायला दिवसभर येजा करायची. शामरावला घरी बसायला जागाच उरली नव्हती, तोही यायचा. दिवाळखोर ठरण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचं घर कधी नव्हे इतकं भरलेलं असायचं. मृणाल एकदा कागद घेऊन आली, तिनं हे पाहिलं आणि म्हणाली, "बँकेच्या माणसाला तेवढं इकडं फिरकू देऊ नका."

शेवटी बळीरामसाठी सगळे तयार झाले आणि तारखेला कोर्टात गेले. शामरावनं इस्त्रीचा सदरा घातला होता. सोफा आपला असल्याचं त्यानं कबूल केलं, खून कबूल करावा तसं.

"मग नाझर यादी करत होते तेव्हा का नाही बोललात?" बँकेच्या वकिलानं विचारलं.

"पाव्हण्यासमोर कोन बोलते, साहेब?"

"ते पाहुणे नव्हते. कोर्टाचे अधिकारी होते."

"चहा घेतला नं त्यायनं?" शामराव म्हणाला. वकील खाली बसला.

पंजाबरावनं टीव्हीची पावती दाखवली. मैनाबाईनं फ्रिजमध्ये आत्ता काय काय ठेवलंय ते सांगितलं, आणि तोच पुरावा जास्त पटला. मग न्यायाधीशांनी भागाबाईला बोलावलं.

"सोफा किसका है?"

"शामरावभाऊचा."

"टीव्ही? फ्रिज?"

"पंजाबरावभाऊचा. मैनाबाईचा." तिचा आवाज खाली खाली जात होता.

"तो आपने अपना क्यों बताया?"

"तुमचा मानूस घरी आलता, साहेब. जमिनीवर बसवू का?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "फिर घर में आपका अपना क्या है?"

बळीराम छताच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

"कप," ती म्हणाली. "चहाचे. सोनेरी काठाचे. पावर हाउसच्या बाजारातून मीच आणले होते. तुमच्या साहेबानं त्यातच चहा घेतला, पण लिहिले नाई. ते लिहा."

रोजच्या वापरातली भांडी यादीत धरत नाहीत, हे सांगायला मृणाल अर्धवट उठली. न्यायाधीशांनी हातानं तिला बसायला सांगितलं.

"लिख लीजिए," ते कारकुनाला म्हणाले. "चाय के कप. कितने हैं, माताजी?"

"पाच. एकाचा कान तुटला हाय. पण तो पाव्हण्याले नाई देत."

कारकुनानं तेही लिहिलं.

पुढच्या तारखेला बळीराम रीतसर दिवाळखोर ठरला. निकाल ऐकून शामरावनं त्याचा हात हातात घेतला आणि नेमकं काय म्हणायचं ते न सुचून "चांगलं झालं" म्हणाला.

संध्याकाळी सामान परत निघालं. फ्रिज गेला, टीव्ही गेला. सोफा दारातून काढताना शामराव आणि पंजाबराव दोघांनाही दम लागला, म्हणून त्यांनी तो गल्लीतच टेकवला आणि त्यावर बसले. भागाबाईनं चहा आणला. बळीराम मधे बसला. तुटक्या कानाचा कप त्याच्याकडे आला.

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वाजली. बळीराम चहासकट उठला. गाडी दूधवाल्याची होती. ती पुढं निघून गेली.

"बसा जी," शामराव म्हणाला. "सोफा आपलाच हाय."

बळीराम सावकाश खाली बसला.

"हळू बोला," तो म्हणाला. "नाझर आयकन."