कोळसेवाल्याचा स्पंज

आईने आयुष्यात एकदाच बाबांच्या माशांच्या टाकीला हात लावला, आणि तोही असा की टाकीचा निकालच लागायची वेळ आली.

बाबांना दवाखान्यातून घरी सोडणार होते, पण बरे झाले म्हणून नव्हे. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांनी एवढंच मागितलं की खाट पुढच्या खोलीत, टाकीसमोर लावा. आईने घर घासायला काढलं. फरशी झाली, पडदे झाले, मग तिची नजर टाकीच्या कडेला टांगलेल्या फिल्टरच्या पारदर्शक डब्यावर गेली. टाकीला ती 'माझी सवत' म्हणायची. तिने डबा उघडला, आतला तपकिरी गाळ पाहून नाक मुरडलं आणि साबण घेऊन बसली. स्पंज उकळत्या पाण्यातून काढला. चिनी मातीच्या छोट्या नळ्या दात घासायच्या ब्रशने एकेक करून घासल्या. सगळं उन्हात वाळवलं आणि होतं तसं परत लावलं.

दोन दिवसांनी मी पोचले, तेव्हा मासे वर येऊन धापा टाकत होते. हिरव्यागार झाडांमधलं पाणी दुधाळ झालं होतं.

"बघ, फिल्टर कसा लख्ख झालाय," आई म्हणाली. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली होती.

तोंडाशी आलेलं मी गिळलं. मी गिळणाऱ्यातली नाही, घरात कुणालाही विचारा. माशांच्या घाणीचं विष होतं, आणि ते संपवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गाळातच राहतात, हे बाबांनी मला लहानपणापासून ऐकवलं होतं. आईने कधी ऐकून घेतलं नव्हतं. आता तिला ते सांगणं म्हणजे, तुझ्यामुळेच मासे मरतायत, असं सांगणं. मी निम्मं पाणी बदललं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराला बाबा 'कोळसेवाला' म्हणत. दिसेल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात तो कार्बनची, म्हणजे पाणी गाळायच्या कोळशाची, पुडी मारायचा. "पाण्यातलं खत शोषतो हा कोळसा, झाडांच्या तोंडचा घास काढतोस!" असं बाबांनी त्याला भर दुकानात सुनावलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

फळीवर पांढरा कापूस होता, नळ्या होत्या, सच्छिद्र दगड होते, तऱ्हेतऱ्हेचे स्पंज होते. मी एकेक पाकीट उचलून परत ठेवत होते. सगळं कोरं, जीव नसलेलं. त्यात जीव धरायला आठवडे लागतात, आणि बाबा उद्या येणार होते.

कोळसेवाल्याने सवयीने कार्बनची पुडी पुढे केली. मला रडूच फुटलं. मी त्याला सगळं सांगितलं, बाबांचंही.

त्याने पुडी मागे घेतली. दाराजवळच्या स्वतःच्या टाकीपाशी जाऊन फिल्टर उघडला. आत काळाकुट्ट, निथळणारा स्पंज होता.

"यात कोळसा नाही?" मी विचारलंच.

"तो गिऱ्हाइकांसाठी, ताई." तो ओशाळला. कात्रीने स्पंज कापून मोठा तुकडा त्याने टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत घातला. "हा मूळचा तुमच्याच घरचा. मी दुकान टाकलं तेव्हा तुमच्या बाबांनी त्यांचा अर्धा कापून दिला होता. वर चार शिव्या. धुतलास तर याद राख म्हणाले."

"त्यांना काही सांगू?"

"नको. नुसता दाखवा. ओळखतील."

आई स्वयंपाकघरात असताना मी तो तुकडा पांढऱ्या नळ्यांमध्ये बसवला. सकाळी एक मासा गेलेला होता. आई उठायच्या आत मी तो कुंडीत पुरला. बाकीचे खाली झाडांत उतरले होते.

बाबांना आणलं, खाटेवर निजवलं. त्यांनी आधी मासे पाहिले, मग फिल्टरचा डबा. पांढऱ्याशुभ्र नळ्यांमध्ये वेडावाकडा कापलेला एक काळा तुकडा. बराच वेळ ते तिथेच पाहत राहिले.

"कुणी धुतलं?"

"मी," आई म्हणाली. "जन्मभर नुसती नावं ठेवली. म्हटलं, एकदा तरी तुमचं काही करावं."

लहानपणी मी टाकीत साबणाचं बोट घातलं म्हणून या माणसाने मला दिवसभर घराबाहेर बसवलं होतं. बाबांनी आईचा हात हातात घेतला आणि सोललेली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"इतकं स्वच्छ मला कधी जमलं नाही," ते म्हणाले.

आई किती दिवसांनी हसली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

"पुढच्या वेळी साबण नको फक्त," बाबा हळूच म्हणाले. "स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. थोडा मळ राहू द्यायचा."

"पुढच्या वेळी तुमचं तुम्हीच करा."

बाबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. आईचं हसू विरलं. मग तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसली.

"सांगा," ती म्हणाली. "किती पिळायचा?"