उठायचं नाही

"कोणीही येऊ दे, उठायचं नाही," मी बाबांना तिसऱ्यांदा बजावलं.

"आणि तुझी आई आली तर?"

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. "तरी नाही," मी म्हणाले.

माजी सैनिकांच्या अपंगत्वाची फेरतपासणी जिथे होई, त्या कार्यालयाच्या बोळात बारा खुर्च्या होत्या आणि तीसेक माणसं. सोबत आलेल्यांनी उभंच राहायचं. समोर काचेची खिडकी आणि खिडकीमागे एक कारकून. तो नंबर देत नसे, कागद घेत नसे. नुसता बघायचा आणि लिहायचा. कोण काठी विसरून पाण्याच्या नळापर्यंत जातो, कोण वाकून बुटाची नाडी बांधतो. ताटकळणाऱ्यांनी त्याचं नाव दुर्बीण ठेवलं होतं.

हे सगळं एका बहाद्दरामुळे सुरू झालं. पाठीचा कणा निकामी झाल्याचा दाखला देऊन तो वर्षानुवर्षं निवृत्तिवेतन घेत होता आणि लोकांची कपाटं तिसऱ्या मजल्यावर चढवून द्यायचा धंदा करत होता. तेव्हापासून डॉक्टर दहा मिनिटं तपासत आणि दुर्बीण तीन तास. बाबांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. चोर आहेत म्हणून पहारा आहे, मीही बसवला असता, असं म्हणत.

बाबांच्या खुब्यात लोखंडाचा एक तुकडा होता, माझ्याहून वयाने मोठा. सैन्यातून आल्यावर त्यांनी बसून करता येईल असं काम धरलं, शिलाई मशीन दुरुस्तीचं. दहा मिनिटं उभं राहणं जमे. त्यापुढच्या प्रत्येक मिनिटाचा सूड खुबा दुसऱ्या दिवशी उगवी.

मागच्या तपासणीला मी सोबत नव्हते. एक म्हातारी नवऱ्याच्या कागदांची पिशवी घेऊन आली, बाबांनी तिला खुर्ची दिली आणि पाऊण तास उभे राहिले. निदान भिंतीला टेकायचं तरी, मी नंतर वैतागून म्हणाले. तर म्हणे, समोर गणवेशातले लोक होते. आत डॉक्टरांनी विचारलं, त्रास कितपत? हे म्हणाले, ठीक आहे साहेब. आयुष्यात कुठल्याही साहेबाला त्यांनी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. पुढचे चार दिवस त्यांना कूस बदलवत नव्हती. महिन्याने पत्र आलं: 'आधाराविना पंचेचाळीस मिनिटे उभे. तक्रारीत तथ्य नाही.'

निवृत्तिवेतन थांबलं, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ते पत्र मात्र त्यांनी मशीनच्या खणात ठेवलं आणि रोज काढून वाचू लागले.

"खोटा म्हणाले गं मला," एकदा एवढंच बोलले.

मग मी अर्ज करत सुटले. पाच अर्ज, तीन कार्यालयं. प्रत्येक टेबल मला पुढच्या टेबलाकडे ढकलत होतं, आणि पुढचं टेबल जेवायला गेलेलं असे. एका साहेबाने विचारलं, इतकं दुखत होतं तर उठले कशाला? त्याचं उत्तर लिहायला अर्जात रकाना नव्हता. अखेर फेरतपासणी मिळाली, आणि मी बाबांना उठायचं नाही म्हणून पढवू लागले.

"म्हणजे खरा आहे हे दाखवायला नाटक करायचं," ते म्हणाले.

"नाटक नाही बाबा. नुसतं बसायचं."

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. बाबांहून पाच-सात वर्षांनी मोठे असावेत. काखेत कुबडी, दुसऱ्या हातात फाइल. खुर्च्या भरलेल्या. ते नेमके बाबांच्या समोर येऊन थांबले. बाबांचे दोन्ही तळवे काठीच्या मुठीवर दाबले गेले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काचेमागे पेन उचललेलं होतं. ते गृहस्थ कोणी न विचारताच म्हणाले की बसा बसा, मला सवय आहे. बाबांनी मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झाले होते. नंबर येईपर्यंत पस्तीस मिनिटं मी तो हात काढला नाही.

आम्ही जिंकलो. 'पूर्वीचा शेरा रद्द,' मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"त्या माणसाला खुर्ची मिळाली का गं?"

मला माहीत नव्हतं. हे पत्र त्यांनी खणात ठेवलं नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. माझ्याकडे बघून ते हसले. खोटं त्यांना लगेच कळायचं.

मृत्यूचा दाखला जमा करायला मी पुन्हा त्याच बोळात गेले. खुर्च्या भरलेल्याच होत्या. पायाला लोखंडी पट्ट्या लावलेले एक काका मला बघून खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. "बसा ताई," म्हणाले. काचेमागे पेन उचललं गेलं.

मी चार पावलं चालून खिडकीसमोर गेले आणि काचेकडे पाठ करून उभी राहिले. पदर जरा पसरला.

मागून काचेवर टकटक झाली. "बाई, बाजूला व्हा."

मला ऐकू आलं होतं. माझा नंबर येईपर्यंत मी तिथेच उभी होते, काचेला न टेकता.